भर पावसात झाडं पिवळी पडतायत, पाणी आहे, खतही घातलंय, मग बिघडलंय कुठे?

श्रावण लागला की आपल्याकडे कोकणात हा प्रश्न ठरलेलाच. जूनमधे लावलेली मिरची, परसातलं जायफळाचं रोप, पिशवीतली हापूसची नि काजूची कलमं, पडवीतल्या कुंडीतली जास्वंद, आषाढात सगळं हिरवंगार असतं आणि मग एकाएकी खालची पानं पिवळी पडायला लागतात, गळायला लागतात, आणि काही झाडं तर चक्क पाण्यात उभी असूनही मान टाकतात, मे महिन्यात पाणी चुकल्यावर टाकतात तशीच. आमच्या वाडीतल्या काकींचं दरवर्षीचं वाक्य आहे, "पानी तर रोज घालतंय, तरी झाड पिवळा कित्याक पडता?" आणि यात उत्तर अर्धं आलेलंच आहे, पाणी तर रोज घालतंय.

बहुतेक जण काय करतात, पान पिवळं म्हणजे झाड भुकेलं असं धरून मूठभर युरिया टाकतात. मान टाकली की अजून एक तांब्या पाणी. त्यानंही नाही भागलं तर दुकानदार देईल ती पावडर फवारायची. चार दिवसांनी झाड गेलं की "यंदा पाऊसच जास्त झाला" म्हणून विषय बंद. पाऊस जास्त होता हे खरंच, पण झाड पावसानं मरत नाही, मुळाशी हवा न पोचल्यामुळे मरतं, आणि हे कळलं की यातली बरीच झाडं वाचतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

शाळेत आपण सगळेच शिकलो की झाड दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ऑक्सिजन सोडतं. डोक्यात तेवढंच राहतं, आणि मग असं वाटतं की माणसाचा श्वास एका बाजूचा नि झाडाचा उलट बाजूचा. तसं नाहीये. झाडात दोन वेगवेगळी कामं चालतात. एक म्हणजे प्रकाशसंश्लेषण, ते फक्त हिरव्या भागात आणि फक्त उजेडात होतं, पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळाकडून आलेलं पाणी घेऊन उजेडाच्या जोरावर साखर बनवतं आणि त्यात पाण्यातला ऑक्सिजन बाहेर पडतो (हो, पाण्यातला, कार्बन डायऑक्साइडमधला नाही, हे १९४१ मधे जड ऑक्सिजन वापरून केलेल्या प्रयोगांत दिसलं). दुसरं म्हणजे श्वसन, आणि ते झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीत चालतं, पानात, खोडात, फुलात, फळात, मुळात, दिवसा आणि रात्री, एक मिनिट बंद न होता. त्यात बनवलेली साखर ऑक्सिजन वापरून जाळली जाते, कार्बन डायऑक्साइड नि पाणी बाहेर पडतं आणि जी शक्ती मिळते त्यावर झाड जगतं, वाढतं, नवं पान काढतं. दिवसा पानात साखर बनवण्याचं काम इतकं जोरात असतं की श्वसनाचा कार्बन डायऑक्साइड आतल्या आतच वापरला जातो, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला फक्त ऑक्सिजन निघतोय असं दिसतं.

यान इंगेनहाउझ नावाच्या डच डॉक्टरनं हे १७७९ मधेच दाखवलं होतं, हिरवी पानं उन्हात हवा चांगली करतात, अंधारात बिघडवतात, आणि मुळं नि फुलं मात्र सदासर्वकाळ हवा बिघडवतातच. शेवटचं लक्षात ठेवा, मुळं. मूळ हिरवं नसतं, जमिनीखाली उजेड नसतो, म्हणजे ते स्वतः साखर बनवू शकत नाही, ती वरून पान पाठवतं. पण ती साखर जाळायला लागणारा ऑक्सिजन पानाकडून येत नाही, तो मुळाला जिथल्या तिथे मातीतूनच घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधे ज्या बारीक फटी असतात त्यातली हवा हाच मुळाचा श्वास.

आता आपला पाऊस बघा. किनारपट्टीला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, काही ठिकाणी त्याहून बराच जास्त, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सततची झड लागली की त्या फटींमधली हवा जाते नि पाणी भरतं. पाण्यातून ऑक्सिजन मुळाकडे सरकायचा वेग हवेतल्यापेक्षा अंदाजे दहा हजार पटीनं कमी असतो आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतोच किती, आपल्याकडच्या तापमानाला लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास. माती उबदार, त्यात जिवाणू भरपूर, तेही तोच ऑक्सिजन खातात. पाणी हललं नाही तर एक-दोन दिवसांत मातीतला ऑक्सिजन जवळपास संपतो.

ऑक्सिजन नसला तरी मूळ लगेच मरत नाही, ते साखर अर्धवट जाळायला लागतं. पण त्यात ग्लुकोजच्या (साखरेच्या) एका रेणूमागे शक्ती वाहून नेणारे एटीपीचे जेमतेम २ रेणू मिळतात, नीट श्वसन असतं तेव्हा ३० च्या आसपास मिळतात. वर उपउत्पादन म्हणून अल्कोहोल तयार होतं तेही मुळाला त्रासच देतं. एवढ्या तुटपुंज्या शक्तीवर मूळ काय करणार? मातीतला नत्र (नायट्रोजन, युरियात असतो तोच) आत ओढायला शक्ती लागते, ती नाही. पाणी आत घ्यायच्या वाटाही मूळ आवळून घेतं, म्हणून चिखलात उभं झाड वरून तहानलेलं दिसतं. वर पानाला पाणी कमी पडलं की ते आपली रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जायची बारीक छिद्रं, मिटतं, रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, म्हणजे साखर बनणंही मंदावतं. खाली श्वसन अडकलं नि वर प्रकाशसंश्लेषण बसलं, अशी ती साखळी आहे. खालची जुनी पानं आधी पिवळी का पडतात तर झाड त्यांच्यातला नत्र काढून वरच्या कोवळ्या पानांना देतं.

म्हणून युरिया टाकून फरक पडत नाही. मूळ तो घेऊ शकत नाही, पावसानं बराचसा वाहून खाली जातो, आणि साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन संपल्यावर काही जिवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरतात आणि नत्र हवेत उडून जातो. पैसे घालून काहीच पदरात पडत नाही. ओलं शेण किंवा न कुजलेला पाला मुळाशी घालणं तर अजून वाईट, तो कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही ओढून घेतात.

बरं, हेच कारण आहे हे ओळखायचं कसं? अंदाज नको, मूळ बघा. पिशवीतलं रोप असेल तर पिशवी आडवी धरून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा, जमिनीतलं असेल तर खोडापासून वीतभर लांब खुरप्यानं थोडी माती उकरा. चांगलं मूळ पांढरं किंवा फिकट तांबूस असतं, टोकाला पांढरंशुभ्र, आणि चिमटीत धरलं तर कडक लागतं. कोंडलेलं मूळ तपकिरी ते काळं, आणि चिमटीत धरून हळूच ओढलं तर वरची साल बुळबुळीत होऊन हातात येते, आत नुसता बारीक तंतू उरतो. मग माती नाकाजवळ घ्या. पहिल्या पावसाचा मातीचा वास कसा असतो माहितेय ना, तो नसेल आणि गटारासारखा आंबूस, कुजकट वास येत असेल तर आत हवा नाहीये हे नक्की. माती निळसर-करडी दिसत असेल तर पाणी बरेच दिवस साचलंय.

मुळं पांढरी, कडक आहेत, वासही चांगला आहे आणि तरी पान पिवळं, तर मग नत्राची खरी कमतरता असू शकते, तेव्हा खत द्यायला हरकत नाही. पण आधी मूळ बघायचं, खताची पिशवी नंतर उघडायची.

जमिनीतल्या झाडासाठी अजून एक टेस्ट आहे. उघडीप मिळाली की झाडापासून थोडं लांब हातभर खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा आणि सकाळी येऊन बघा. पाणी तसंच असेल तर ती जागा मिरवेल (काळ्या मिरीचा वेल), जायफळ, पपई, मिरची यातल्या कशालाच चालणार नाही, निदान सपाट लावून नाही. आपल्याकडे जांभ्याची जमीन निचऱ्याची म्हणतात आणि उतारावर ते खरंच आहे, पण कातळ फोडून खड्डा मारला, त्यात चांगली माती भरली आणि पाणी बाहेर जायला वाटच ठेवली नाही तर सगळ्या बाजूचं पाणी त्या खड्ड्यात येऊन डांबून राहतं. नवीन कलमं कातळावर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात पिवळी पडतात त्यातली बरीच याच कारणानं. खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूला पहारीनं खाच पाडून पाणी काढून द्या, मेहनतीचं काम आहे पण दुसरा इलाज नाही.

मग कुणीतरी विचारतंच, भात कसं जगतं मग, ते तर महिनोनमहिने पाण्यात उभं असतं. भाताच्या रोपात पानापासून मुळापर्यंत हवेच्या पोकळ्या असतात, वरची हवा आतून खाली मुळापर्यंत पोचते. भाताचं रोप उपटून मुळाचा आडवा काप काढून साध्या भिंगातून बघितलात तरी त्या पोकळ्या दिसतात. आणि खाडीवर जाऊन बघा, ओहोटीला तिवरांच्या भोवती चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी शेकडो मुळं वर आलेली असतात, ती श्वासासाठीच, त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात, भरतीला बुडतात आणि ओहोटीला हवा भरून घेतात. त्या चिखलात हवा नाही म्हणून तिवरानं मूळच वर काढलं. मिरचीला नि आंब्याच्या कलमाला हे जमत नाही, म्हणून त्यांच्यासाठी ते आपण करायचं, म्हणजे मुळं पाण्याच्या वर उचलायची.

आता करायचं काय ते सांगतो, कुंडीपासून सुरू करू. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढूनच टाका, ती भरलेली राहिली की खालचं भोक असून नसल्यासारखं. कुंडी थेट लादीवर ठेवली की भोक चिकटून बंद होतं, दोन चिऱ्याच्या कपच्या किंवा कौलाचे तुकडे खाली सरकवा. भोकात मूळ अडकलं असेल तर काडीनं मोकळं करा. पावसात उघड्यावर असलेल्या कुंडीला तुम्ही पाणी घालायचं नाही, पडवीतल्या कुंडीला बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून कोरडं लागलं तरच. माती दगडासारखी बसलेली असेल तर झाड काढून काळी पडलेली मुळं स्वच्छ कात्रीनं कापा आणि नव्या मातीत लावा, मातीत नदीची जाड वाळू आणि नीट कुजलेलं शेणखत मिसळा. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. काथ्याचा भुसा थोडाच घाला, पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो.

कलमांच्या पिशव्या एकाला एक चिकटून जमिनीवर मांडलेल्या असतील तर त्या चिऱ्यांवर किंवा बांबूच्या मांडवावर उचला, पिशवीला खालच्या बाजूनं चार-पाच भोकं अजून पाडा. एवढ्यानंच बरीच रोपं सावरतात.

परसातल्या झाडांचं मुख्य दुखणं म्हणजे आळं. उन्हाळ्यात शिंपणं करताना पाणी धरायला आळं करतो ते बरोबर, पण तेच आळं पावसाळ्यात तसंच राहतं आणि झाडाच्या बुंध्याशी तळं होतं. ते फोडायचं. उताराकडच्या बाजूनं तोंड काढून द्या, आणि बुंध्याकडे माती ओढून उलट उंचवटा करा, म्हणजे पाणी झाडापासून लांब पळेल. मात्र कलमाचा सांधा मातीखाली जाऊ देऊ नका. पोफळीच्या आगरात दोन ओळींच्या मधे चर मारलेले असतात, ते पालापाचोळ्यानं भरतात, आषाढातच एकदा साफ केले तर सप्टेंबरला कामगार शोधत फिरावं लागत नाही. भाजीला गादीवाफा करा, वीतभर उंच तरी. सपाट वाफ्यात पावसाळी मिरची लावणं म्हणजे आपल्याकडे जुगारच आहे.

हे सगळं झालं की थांबायचं. मातीला वाफसा येऊ द्या, मुठीत दाबली तर गोळा होईल आणि बोटानं टिचकी मारली तर फुटेल असा. त्याआधी मुळाशी काहीही घालू नका. झाड अगदीच फिकं झालं असेल आणि दिवसभर उघडीप असेल तर लिटरभर पाण्यात १० ग्रॅम युरिया विरघळवून सकाळी पानांवर फवारा, मूळ काम करत नसताना पानातून थोडा नत्र जातो. त्याहून दाट नको, पानं भाजतात. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, त्याच्याकडे बघून निराश होऊ नका, शेंड्याकडे बघा, नवं पान हिरवं आलं म्हणजे मूळ सुटलं. आणि जी अर्धीमुर्धी हिरवी पानं उरलीयत ती खुडू नका, साखर बनवणारं आता तेवढंच शिल्लक आहे.

उजेडाचाही एक भाग आहे, विशेषतः पडवीतल्या आणि ताडपत्री लावलेल्या खळ्यातल्या झाडांना. आपण झडीसाठी झापं किंवा निळं प्लास्टिक बांधतो नि कुंड्या मागे सरकवतो. भर उन्हात बाहेर एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड असतो, दाट ढगांत तो दहा हजार किंवा त्याच्याही खूप खाली येतो, आणि पडवीच्या आतल्या भिंतीजवळ काहीशे. आपल्या डोळ्यांना हा फरक एवढा जाणवत नाही कारण डोळे जुळवून घेतात, फोनमधे लाइट मीटरचं अ‍ॅप टाकून बघा, आकडा बघून दचकाल. उजेड एका पातळीच्या खाली गेला की पान दिवसभरात जेवढी साखर बनवतं तेवढी श्वसनात संपते, त्याहून खाली गेला की झाड साठा खाऊन जगतं. आणि आपल्या पावसाळी रात्री काही थंड नसतात, उकाडा असला की श्वसन वाढतं, १० अंश वाढले की साधारण दुप्पट. उजेड कमी नि रात्र उबदार, म्हणजे आवक घटली नि खर्च तोच. अशा झाडाची पेरं लांबट होतात, पानं पातळ फिकट, आणि ते उजेडाकडे वाकतं, पण मुळं पांढरीच असतात, हा फरक लक्षात ठेवा. त्याला पडवीच्या कडेला आणा, पाणी कमी करा, नत्र देऊ नका, नाहीतर अजून लेचंपेचं होईल. जास्वंद, गुलाब आत ठेवूच नका, आत मनीप्लांट नाहीतर शोभेचं अळू ठेवा.

ज्यांना मुळाला श्वास असतो हेच पटत नाही (आणि घरोघरी एक आजोबा असे असतातच, आजोबांना मान देऊनच सांगतो) त्यांच्यासाठी घरच्या घरी करायचा प्रयोग. पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना ग्लासभर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, सकाळी वरची स्वच्छ निवळी गाळून एका वाटीत घ्या. मोड आलेले मूग मूठभर मोठ्या बरणीत, त्यातच ती वाटी ठेवा, झाकण घट्ट, आणि बरणी अंधारात. दुसऱ्या तशाच बरणीत नुसती वाटी, मूग नाही. दुसऱ्या दिवशी मुगाच्या बरणीतली निवळी दुधाळ झालेली दिसेल, दुसरीतली जवळजवळ तशीच. मोड म्हणजे कोवळं मूळच, त्यानं नि दाण्यानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडनं चुना दुधाळ झाला. आंब्याच्या अढीत हात घातल्यावर गरम लागतं तेही हेच, फळ श्वास घेतंय आणि साखर जळताना ऊब सुटतेय, म्हणून तर अढी अगदी बंदिस्त केली की आंबा नीट पिकत नाही, आंबूस होतो.

यावरून आठवलं, रात्री झाडाखाली झोपू नये कारण झाड कार्बन डायऑक्साइड सोडतं, हेही विचारतात. सोडतं, पण उघड्यावर ते हवेत लगेच पसरून जातं, त्यानं माणसाला काही होत नाही. नारळाखाली झोपू नका, ते नारळ पडतो म्हणून.

सगळंच पिवळं मुळामुळे नसतं, हेही सांगायला हवं. किनाऱ्यालगत जूनच्या वादळी वाऱ्यानंतर पानांच्या कडा करपल्या असतील, त्याही समुद्राकडच्या बाजूनंच, तर तो खारा वारा, गोड्या पाण्यानं पानं धुवा. पोफळीची कोवळी फळं गळत असतील आणि त्यावर पाणी धरल्यासारखे डाग असतील तर ती कोळेरोग, बुरशी आहे, त्याला पावसाआधीच १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद नि चुन्याचं) मारावं लागतं. मिरवेल एका आठवड्यात अख्खी काळी पडून कोसळली तर तीही बुरशीच, पण तिची बीजं साचलेल्या पाण्यातून पोहत पसरतात, त्यामुळे चर काढणं तिथेही सुटत नाही. संशय असेल तर मुळासकट रोप आणि थोडी माती घेऊन वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात दाखवा, नुसतं पान नेऊन त्यांनाही सांगता येत नाही.

ज्याची सगळीच मुळं काळी झालीत आणि खोड बुंध्याशी दाबलं तर मऊ लागतं ते झाड वाचत नाही, काढून टाका, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. आणि पुढच्या वर्षी मृगाच्या आधी, मेच्या शेवटी, शिंपणं थांबलं की त्याच दिवशी फावडं घेऊन सगळी आळी फोडून ठेवा, कुंड्यांखालच्या ताटल्या काढा, चर साफ करा. एकदा झड लागली की चिखलात ते काम होत नाही.